केबल चावडीपर्यंत, बिल ज्याचे त्याने

राष्ट्रीय नमुना पाहणीने २०२५ च्या पहिल्या तिमाहीत दूरसंचाराविषयी देशभर पाहणी केली. तिच्यातले दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. घरात इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे ८६.३ टक्के, आणि घरात निदान एक स्मार्टफोन असलेली कुटुंबे ८५.५ टक्के. दोहोंत एका टक्क्याचाही फरक नाही. तक्त्यात जे घरचे इंटरनेट म्हणून मोजले गेले, ते बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी खिशातले इंटरनेट आहे. तो फोनवाला सकाळी कामावर गेला की घरातले नेटही त्याच्याबरोबर बाहेर पडते. मुलांचा अभ्यास, आईचे ओटीपी, आजोबांचा हयातीचा दाखला, सगळे तो संध्याकाळी परत येईपर्यंत खोळंबते.

भिंतीला राउटर लटकवलेल्या, तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचा हिशेब अगदी वेगळा आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या अहवालांत असे ग्राहक ४ कोटींच्या थोडे वर दिसतात, आणि त्यांत दुकाने, दवाखाने, कार्यालयेही आली. मोबाइलवरून ब्रॉडबँड वापरणारे ९० कोटींहून अधिक. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणात २०२२ पर्यंत निम्म्या घरांत तारेचे ब्रॉडबँड पोचवायचे ठरले होते. ते वर्ष आले आणि गेले. त्या लक्ष्याचे काय झाले, हे कुणी कुणाला विचारल्याचे ऐकिवात नाही.

सरकारने या कामावर खर्च केला नाही असे मात्र कुणी म्हणू नये. खर्च झाला, भरपूर झाला, पण तो जवळजवळ सगळा केबल टाकण्यावर. केबल दारात आल्यावर दर महिन्याचे बिल भरायची ज्या घराची ऐपत नाही, त्या घराचा विचार केंद्राच्या धोरणात कधी झालाच नाही. या आढाव्यातले माझे मुख्य म्हणणे तेवढेच आहे.

पैसा नव्हता ही सबब इथे चालत नाही. दूरसंचार कंपन्या आपल्या एजीआरच्या, म्हणजे समायोजित सकल महसुलाच्या, ८ टक्के रक्कम परवानाशुल्क म्हणून सरकारला देतात. त्यांतले ५ टक्के १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधीच्या नावाने घेतले जातात. ज्या भागात धंदा परवडत नाही तिथे फोन पोचवायला हा निधी निघाला. आधी गावातले सार्वजनिक फोन, मग २००६ च्या दुरुस्तीनंतर मोबाइल आणि ब्रॉडबँड. कंपनी हे पैसे अर्थातच ग्राहकाच्या बिलातूनच उभे करते. मेख अशी की ही रक्कम थेट निधीत पडत नाही. ती भारताच्या संचित निधीत जाते आणि तिथून अर्थसंकल्पात तरतूद होईल तेवढीच परत मिळते. त्यामुळे वर्षानुवर्षे जमा मोठी आणि खर्च लहान, अशी या खात्याची तऱ्हा राहिली.

या निधीतून जे सर्वांत मोठे काम निघाले ते भारतनेट. २५ ऑक्टोबर २०११ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडायची योजना मंजूर केली. खर्च सुमारे २० हजार कोटी, मुदत दोन वर्षे. २०१४ च्या मध्यापर्यंत शंभर पंचायतीसुद्धा जोडल्या गेल्या नव्हत्या. २०१५ मध्ये योजनेचे बारसे नव्याने झाले, २०१७ मध्ये खर्च ४२ हजार कोटींवर गेला आणि त्या डिसेंबरात एक लाख पंचायतींचा पहिला टप्पा पुरा झाल्याचे जाहीर झाले. १५ ऑगस्ट २०२० ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सहा लाख गावांना हजार दिवसांत फायबर देण्याचे सांगितले. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये सरले. मधल्या काळात, २०२१ मध्ये, खासगी भागीदारीतून १६ राज्यांत काम करायचे ठरले आणि १९ हजार कोटींचे साहाय्य देऊ केले, तर निविदा भरायला कुणी पुढे आले नाही. कंपन्यांनी हिशेब केला असणार. खेड्यात केबल टाकणे जमेल, पण तिच्यावर बिल भरणारे ग्राहक कुठून आणायचे?

ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट मंजूर झाले. त्याचा आकडा १ लाख ३९ हजार ५७९ कोटी. आज २ लाख १४ हजारांच्या आसपास पंचायती सेवेसाठी सज्ज आहेत असे सरकार सांगते. सज्ज असणे आणि चालू असणे यांत किती अंतर असते, हे पाहायला दिल्लीपेक्षा एखाद्या पंचायतीच्या खोलीत डोकवावे. कोपऱ्यात लोखंडी रॅक, त्यात फायबरचा सिग्नल घेणारा ओएनटीचा डबा, खाली बॅटरी, छतावर सौर पॅनेल. खोलीची किल्ली ग्रामसेवकाकडे आणि ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावे. विजेचे बिल थकले की महावितरणचा माणूस येऊन जातो. बॅटरी उतरली की बदलून कोण देणार यावर कागद फिरतात. बाहेर रस्ता रुंद होत असतो नाहीतर जलजीवनची पाइपलाइन पडत असते. जेसीबीचा एक दात लागला की तालुक्यापासून पंचायतीपर्यंतची केबल तुटते, आणि जोडायला स्प्लायसिंगचे मशीन तालुक्याहून यावे लागते. पहिल्या टप्प्यात केबल एकरेषीय टाकली होती, म्हणजे एका ठिकाणी तुटली की पुढची सगळी गावे बंद. सुधारित योजनेत ती कड्यासारखी फिरवायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. देखभालीची तरतूदही दहा वर्षांची आहे. बारा वर्षांनी का होईना, दुरुस्तीला बांधकामाइतकीच किंमत असते हे कुणाला तरी पटले.

याच योजनेत पहिल्यांदा घराचा उल्लेख ठळकपणे आला. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांत फायबर जोडायचे. ते काम गावातल्या किंवा जवळच्या केबलवाल्याने करायचे. त्याला भारतनेट उद्यमी म्हणायचे आणि बिलातला वाटा त्याला द्यायचा. ही कल्पना मला मनापासून पटते. आपल्याकडे टीव्हीची केबल घरोघर गेली ती सरकारने नेली नव्हती. गल्लीतल्या पोराने शिडी खांद्यावर टाकून ती नेली, आणि वसुलीलाही तोच दर महिन्याला दारात उभा राहिला. पण त्याचा वाटा बिलातून यायचा, तर बिल भरणारा हवा. इथे गाडी पुन्हा त्याच खड्ड्यात येते.

आता एका घराचा हिशेब मांडू. नवरा, बायको, कॉलेजातला मुलगा, फोन तीन. रोज दीड जीबीचा साधा पॅक जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर २९९ रुपयांना पडतो, आणि तो २८ दिवसांचा असतो. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज मारावे लागतात. तीन फोनांचे २८ दिवसांचे ८९७ रुपये. बीएसएनएलने ग्रामीण भागासाठी ३२९ रुपयांत २० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आणला होता. त्यावर १८ टक्के जीएसटी चढला की ३८८. मोबाइलच्या किमतीत कर धरलेला असतो, फायबरच्या जाहिरातीत तो बाहेर असतो. पहिल्या महिन्याचे बिल पाहून भांडणे होतात ती यामुळे. तरीही तिघांसाठी मिळून फायबर स्वस्तच. फोनवर फक्त कॉलचा पॅक ठेवायचा म्हटले तर तसे पॅक कंपन्यांनी ठेवावेत, असा आदेश ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये काढला आहे.

मग लोक फायबर का घेत नाहीत? कारण रिचार्ज तुकड्यांनी मारता येतो. या आठवड्यात मजुरी आली तर बापाचा फोन चालू, पुढच्या आठवड्यात मुलाचा. बायकोचा फोन महिनाभर नुसता येणाऱ्या कॉलवर. फायबरचे बिल असे थांबत नाही. शिवाय सुरुवातीला जोडणीचे, राउटरचे, अनामतीचे पैसे एकदम काढावे लागतात. हातावर पोट असलेले घर महाग पण तुकड्यांत मिळणारी वस्तू घेते, हे किराणा दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. शांपूची पुडी त्यावरच चालते. आणि या काटकसरीत कुणाचा फोन आधी बंद पडतो, तेही उघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के होते, बायका ३३ टक्के.

आपण हा धडा एकदा गिरवलेला आहे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, कोट्यवधी घरांत गॅसची शेगडी गेली, आणि दुसरे सिलिंडर भरून आणायला पैसे नसल्याने चूल पुन्हा पेटली. मग सरकारला सिलिंडरमागे २०० आणि पुढे ३०० रुपये देणे भाग पडले. जोडणी ही एकदाची गोष्ट, वापर दर महिन्याचा. इंटरनेटच्या बाबतीत आपण अजून शेगडी वाटण्याच्या टप्प्यावर आहोत.

मेळघाटातले हरिसाल आठवत असेल. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि राज्य सरकार यांनी मिळून धारणी तालुक्यातले हे गाव डिजिटल केले, देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून त्याचा गाजावाजा झाला. टीव्हीच्या मोकळ्या लहरींवरून इंटरनेट, दूरवैद्यक, कॅशलेस दुकान असा सगळा सरंजाम. २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत त्या जाहिरातीची चिरफाड केली, सत्ताधाऱ्यांनी ती खोडून काढली, आणि आठवडाभर राज्यभर हरिसाल-हरिसाल झाले. त्या गदारोळात गावातली किती घरे तिसऱ्या वर्षीही स्वतःच्या पैशाने नेट वापरतात, हा प्रश्न दोन्ही बाजूंना सुचला नाही. डिजिटल गावाची परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी होत नसते.

राज्यांनी स्वतःच्या हिमतीवर केलेले दोन प्रयत्न पाहू. आंध्र प्रदेशाने डिसेंबर २०१७ मध्ये विजेच्या खांबांवरून केबल ओढून १४९ रुपयांत इंटरनेट, फोन आणि टीव्ही देऊ केला. दर भन्नाट होता, पण पुढे सरकार बदलले, चौकश्या लागल्या आणि योजना राजकारणाच्या भोवऱ्यात सापडली. केरळचे पाऊल जास्त विचारपूर्वक पडले. इंटरनेट हा नागरिकांचा मूलभूत हक्क असल्याचे त्या सरकारने जाहीर केले, वीज मंडळाच्या खांबांवरून के-फॉनचे जाळे उभारले आणि ५ जून २०२३ ला ते सुरू केले. गरीब २० लाख कुटुंबांना मोफत जोडणी, इतरांना २९९ रुपयांपासून प्लॅन. पण पहिल्या टप्प्यात प्रत्येक मतदारसंघात शंभर, म्हणजे १४० मतदारसंघांत मिळून १४ हजार घरे धरली गेली, आणि तिथेही स्थानिक संस्थांकडून लाभार्थ्यांच्या याद्या वेळेत येईनात. केबल टाकण्यापेक्षा यादी करणे अवघड, हा शासकीय कामाचा जुनाच अनुभव. तरीही श्रेय द्यायला हवे. गरिबाच्या घरातले बिल हा सरकारचा विषय आहे, हे भारतात ठामपणे म्हणणारे राज्य केरळच.

बिलाला हात घालण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, आणि तो कसा संपला हे आपल्या धोरणकर्त्यांनी नीट वाचले पाहिजे. तिथे १९८५ पासून गरिबांच्या फोन बिलात सवलत देणारी लाइफलाइन योजना आहे. २०१६ पासून ती ब्रॉडबँडलाही लागू झाली, पण सवलत महिन्याला सव्वानऊ डॉलर. कोविडमध्ये शाळा घरात आल्या तेव्हा हे किती तोकडे आहे ते कळले. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने १४.२ अब्ज डॉलर दिले आणि परवडणाऱ्या जोडणीची नवी योजना सुरू झाली. पात्र कुटुंबाला महिन्याला ३० डॉलर, आदिवासी भूमीवर ७५, आणि लॅपटॉप-टॅबलेटसाठी एकदाच १०० पर्यंत. पात्रता ठरवायला नवी यादी केली नाही. अन्नसाहाय्य, गरिबांचा आरोग्य विमा, कॉलेजची शिष्यवृत्ती यांपैकी काहीही मिळत असेल तर दार उघडे. मे २०२२ मध्ये सरकारने वीस कंपन्यांना ३० डॉलरपेक्षा जास्त नसलेला प्लॅन ठेवायला राजी केले, त्यामुळे पुष्कळांचे बिल शून्यावर आले. बघता बघता २ कोटी ३० लाख कुटुंबे आत आली. तिथल्या दूरसंचार आयोगाच्या पाहणीत ६८ टक्के लाभार्थ्यांनी सांगितले की योजनेआधी घरात नेट नव्हते किंवा धड चालत नव्हते.

पण तो पैसा एकरकमी होता. जितक्या जास्त लोकांनी फायदा घेतला तितका तो लवकर संपला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी नोंदणी बंद झाली, १ जूनला योजनाच. संसदेने पैसे वाढवून दिले नाहीत. ज्यांचे नेट आधीपासून होते त्यांनाच बरेचसे पैसे गेले, असा आक्षेप होता आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. मात्र आधी नेट होते म्हणजे ते दर महिन्याला परवडत होते असे नाही. भाडे, औषध आणि नेट यांत दर महिन्याला काय टाळायचे हे ठरवणारी घरे त्यांतच होती. न्यूयॉर्क राज्याने दुसरी वाट धरली. सरकारने पैसे देण्याऐवजी कंपन्यांनीच गरीब घरांना १५ डॉलरचा प्लॅन द्यावा, असा कायदा केला, कोर्टात लढवला आणि जानेवारी २०२५ पासून लागू केला. लगोलग एका मोठ्या कंपनीने आपली घरगुती ५जी सेवा त्या राज्यातून काढून घेतली. ब्रिटनमध्ये कंपन्या स्वेच्छेने सवलतीचे प्लॅन ठेवतात आणि पात्र लोकांपैकी फार थोडे ते घेतात, कारण त्यांची जाहिरात करण्यात कुणाचाच फायदा नाही.

आपल्याकडे हा विचार कुणाला सुचलाच नाही असे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये ट्रायने शिफारस केली होती की ग्रामीण ग्राहकाला तारेच्या ब्रॉडबँडच्या बिलाची निम्मी रक्कम, जास्तीत जास्त महिना २०० रुपये, थेट खात्यात द्यावी, आणि आधी पथदर्शी प्रयोग करून पाहावा. शिफारस कागदावरच राहिली. दीड कोटी घरे आणि महिना २०० रुपये धरले तर वर्षाला ३,६०० कोटी होतात. १ लाख ३९ हजार कोटींच्या योजनेत हा खर्च डोईजड नाही, आणि तो केला नाही तर त्या योजनेतली केबल रिकामी पडण्याचा धोका आहे. ३८८ च्या बिलात सरकार ५९ रुपये जीएसटीचे घेतेच. निम्मे परत द्यायचे तर सुरुवात इथूनही करता येईल.

मोबाइल डेटा आपल्याकडे जगात स्वस्त, मग हे कशाला, असे विचारणारे भेटतात. त्यांनी एकदा फोनच्या पडद्यावर अकरावीचा प्रवेश अर्ज भरून पाहावा. २०२५ पासून तो राज्यभर ऑनलाइनच आहे. शेतकऱ्याची ई-पीक पाहणी ॲपवर, लाडक्या बहिणींची ई-केवायसी संकेतस्थळावर, उत्पन्नाचा दाखला पोर्टलवर. सरकारने आपल्या खिडक्या नेटवर हलवल्या, त्यामुळे नेटचे पैसे ही सरकारपर्यंत पोचायची फी झाली. घरात सोय नसलेला माणूस ती सेवा केंद्रात मोजतो, वर 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' हेही ऐकतो. कोविडच्या काळात सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केला, तिच्या जिद्दीच्या बातम्या आपण कौतुकाने वाचल्या. कौतुक तिचे खरे; यंत्रणेच्या वाट्याला त्यातले काही जाऊ नये.

सार्वजनिक वायफायचा पीएम-वाणी हा उपाय डिसेंबर २०२० पासून आहे, चहाच्या टपरीवरही नेट विकता येते. पण एक कोटी ठिकाणांचे लक्ष्य होते आणि प्रत्यक्षात काही लाखांवर गाडी अडली. चौकातले वायफाय संध्याकाळनंतर मुलींच्या कामाचे नसते, हेही आहे. उपग्रहाचे नाव सध्या जोरात आहे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी इरादापत्र केले, गडचिरोली, नंदुरबारसारखे जिल्हे त्यात आहेत. जिथे केबल नेणे खरेच अशक्य आहे तिथे ते उपयोगी पडेल. त्याचे बिल कोण भरणार, हा प्रश्न मात्र तिथे आणखी मोठा होतो.

न्यायालयांनी दिशा दाखवली आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फहीमा शिरीन प्रकरणात इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दृष्टिहीन आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांच्या ई-केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा गाठता येणे हे कलम २१ मध्ये धरले. पण न्यायालय बिल भरत नाही.

भरण्याची सोय कायद्यात मात्र आता झाली आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुन्या निधीचे नाव डिजिटल भारत निधी केले, आणि ऑगस्ट २०२४ च्या नियमांत स्त्रिया, अपंग, आर्थिक-सामाजिक दुर्बल घटकांपर्यंत सेवा पोचवणे आणि ती परवडेल असे करणे हेही त्याच्या कामांत बसवले. म्हणजे ट्रायचा पथदर्शी प्रयोग करायला नवा कायदा लागत नाही. केबल चालू असलेले चार-पाच तालुके निवडावेत, त्यांत एक धारणी असावा. यादी नव्याने करू नये, पिवळे रेशनकार्ड पुरे. पैसे कंपनीला देण्याऐवजी घरातल्या बाईच्या खात्यात द्यावेत आणि जोडणी कुणाची घ्यायची ते तिला ठरवू द्यावे. बीएसएनएलची सेवा महिन्यात चार दिवस बंद पडत असेल तर ती गावातल्या केबलवाल्याकडे जाईल, आणि जाऊ द्यावे. जोडणीचे सुरुवातीचे पैसे उद्यमीला वेगळे द्यावेत. मोजायचे ते जोडण्या किती दिल्या हे नव्हे, तर चोविसाव्या महिन्यात किती चालू आहेत हे. आणि तरतूद निदान पाच वर्षांची हवी. दोन वर्षे बिल भरून तिसऱ्या वर्षी हात वर करायचे असतील, तर तो प्रयोग अमेरिकेने आपल्यासाठी आधीच करून ठेवला आहे.